साथीदार जोसेफ रेनहार्ट

मैफिलींत बसलेल्या श्रोत्यांची दृष्टि गवयाच्या मुखावर खिळलेली असते. त्याच्या पाठीशीं तंबोरा छेडीत बसलेल्या शिष्याकडे, किंवा एकच ठेका अर्धा-अर्धा तास न ढळूं देतां लावून धरणाऱ्या तबलजीकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. आणि जातें तें बहुधा कांहीं चुकलें म्हणजेच. साथ बिनचूक चालली असली, तर ती चालली आहे हेंच मुळीं कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्याच्या कामाचें यश श्रोत्याच्या विस्मरणांत आहे, अशा मनुष्याचें चरित्र सांगणें अवघड असतें. त्याच्या नांवावर पराक्रम थोडे असतात. दुसऱ्याच्या पराक्रमाला त्यानें दिलेला आधार मात्र पुष्कळ असतो. फ्रान्समधील जिप्सी गिटारवादक जोसेफ रेनहार्ट याचें आयुष्य असेंच होतें. त्याचा वडील भाऊ जँगो रेनहार्ट याचें नांव जॅझ संगीताची आवड असणाऱ्या साऱ्या जगाला ठाऊक आहे. जँगोच्या मागें बसून वर्षानुवर्षें ताल धरणाऱ्या ह्या धाकट्या भावाची हकीकत मात्र फार थोड्यांच्या कानांवर आलेली असते.

ज्या जमातींत हे दोघे भाऊ जन्मले, तिला फ्रान्समध्यें मानूश असें म्हणतात. हा शब्द मराठी माणसाला परका वाटण्याचें कारण नाहीं. त्याचा अर्थ 'माणूस' असाच आहे, आणि संस्कृतांतील 'मनुष्य' हा त्याचा जवळचा आप्त आहे. सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं भारताच्या वायव्य भागांतून बाहेर पडलेले ह्या लोकांचे पूर्वज इराण, आर्मेनिया, ग्रीस असे मुलूख ओलांडीत पंधराव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपांत पोहोंचले. वाटेंत त्यांनीं अनेक भाषांतील शब्द उचलले, परंतु मूळची बोली सोडली नाहीं. त्या बोलींत नाकाला नाक, कानाला कान आणि पाण्याला पानी असेंच म्हणतात. युरोपांतील स्थायिक समाजानें ह्या लोकांना कधीं आपल्यांत घेतलें नाहीं. पण त्यांच्या वाद्यांवर नाचण्यास मात्र तो समाज नेहमींच तयार असे.

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजीं बेल्जममधील लिबेर्शी ह्या खेड्याजवळ उतरलेल्या घरगाडींत झाला. जोसेफ दोन वर्षांनीं धाकटा. तो १ मार्च १९१२ रोजीं पॅरिस येथें जन्मला. घरांतलीं माणसें त्याला 'निन-निन' म्हणत, आणि हेंच नांव पुढें वादकांच्या वर्तुळांतही रूढ झालें. बाप वाजवणारा होता. परंतु मुलें वाढलीं तीं मुख्यतः आईच्या आधारानें. पहिल्या महायुद्धानंतर हें कुटुंब पॅरिसच्या जुन्या तटबंदीबाहेरच्या ओसाड पट्टींत, इतर जिप्सींच्या घरगाड्यांच्या शेजारीं राहूं लागलें. शाळेचा संस्कार दोघांनाही जवळजवळ नव्हताच. वडीलधाऱ्यांच्या बोटांकडे पाहावें, कानानें टिपावें आणि हातानें करून बघावें, हीच त्यांची पाठशाळा.

त्या काळीं पॅरिसच्या गरीब वस्त्यांतून 'बाल म्यूझेत' नांवाचीं नृत्यगृहें होतीं. तेथें ॲकॉर्डियन हें मुख्य वाद्य, आणि त्याच्या मागें ताल धरण्यासाठीं बँजो. जँगो ऐन पोरवयांतच ह्या नृत्यगृहांत बँजो वाजवून पैसे मिळवूं लागला, आणि त्याच्या पाठोपाठ जोसेफही त्याच वाटेनें गेला. पुढें साऱ्या जगानें ज्याला एकल वादनाचा धनी म्हणून डोक्यावर घेतलें, तो जँगोही आरंभीं साथीदारच होता. दोघां भावांचे मार्ग वेगळे झाले ते नंतर. आणि त्यांना वेगळें करणारी घटना मोठी भयंकर होती.

२ नोव्हेंबर १९२८ च्या रात्रीं जँगो काम आटोपून आपल्या घरगाडींत परतला. त्याच्या बायकोनें विकण्यासाठीं केलेलीं सेल्युलॉइडचीं फुलें गाडीभर पसरलेलीं होतीं. मेणबत्तीची ज्योत त्या फुलांना लागली, आणि क्षणार्धांत गाडी पेटली. दोघेही जिवानिशीं वांचलीं. परंतु जँगोचा एक पाय आणि डावा हात जबर भाजला. डॉक्टर पाय कापावयास निघाले होते. घरच्यांनीं तें मानलें नाहीं. पाय कसाबसा वांचला; पण डाव्या हाताचीं शेवटचीं दोन बोटें आंखडून गेलीं, तीं कायमचींच. तारा दाबण्याचें काम करणाऱ्या हाताचीं दोन बोटें जाणें म्हणजे वादकाचें आयुष्य संपणें, असेंच कोणीही म्हटलें असतें. त्या दिवसांत ज्यानें जँगोच्या हातीं नवी गिटार आणून दिली, तो धाकटा भाऊ जोसेफ होय. बँजोपेक्षां गिटारीचा नाद मृदु. आजाऱ्याला ती अधिक सोसवणारी. सुमारें दीड वर्ष जँगो अंथरुणाशीं आणि त्या गिटारीशीं झुंजत राहिला. उरलेल्या दोन बोटांनीं पडद्यांवरून धांवण्याची आणि आंखडलेल्या बोटांचा केवळ टेकू म्हणून उपयोग करण्याची स्वतःची अशी एक रीतच त्यानें बसविली. जगाला थक्क करणाऱ्या त्या वादनाच्या आरंभीं एका सोळा-सतरा वर्षांच्या पोरानें भावावर टाकलेला विश्वास होता, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

जँगो बरा झाल्यावर दोघे भाऊ गिटारी घेऊन बाहेर पडले. पॅरिसचे चौक, उपाहारगृहें, आणि पुढें दक्षिणेकडील भूमध्य समुद्राचा किनारा, असा त्यांचा फिरता धंदा चाले. १९३१ च्या सुमारास तूलाँ ह्या बंदरांत एमिल सावित्री नांवाच्या चित्रकारानें त्यांचें वादन ऐकलें आणि त्यांना आपल्या बिऱ्हाडीं नेऊन अमेरिकन संगीताच्या तबकड्या ऐकविल्या. लुई आर्मस्ट्राँगची तुतारी, ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद, आणि जो व्हेनुटीच्या व्हायोलिनला एडी लँगनें दिलेली गिटारीची साथ हीं त्या तबकड्यांवर होतीं. जॅझ संगीताचा हा पहिला आघात जँगोला हलवून गेला. जोसेफनें मात्र त्याच तबकड्यांतून स्वतःला हवें तें वेगळें घेतलें असलें पाहिजे. कारण तेव्हांपासून कामाची वांटणी ठरून गेली. एकानें उडावें आणि दुसऱ्यानें जमीन धरून ठेवावी. ज्याचीं बोटें अधू झालीं होतीं तो उडाला, आणि ज्याचे हात धड होते त्यानें जमीन धरली, हा ह्या कथेंतील एक विलक्षण योग आहे.

१९३४ सालीं पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलांत लुई व्होला ह्याचें एक वादकमंडळ चहाच्या वेळच्या नृत्यासाठीं वाजवीत असे. जँगो त्यांत गिटारवादक होता. स्तेफान ग्रापेली हा व्हायोलिन वाजवी. मधल्या विश्रांतींत पडद्यामागें ग्रापेलीनें सहज एखादी ओळ काढावी, जँगोनें ती उचलावी, मग जोसेफनें गिटारीवर ताल धरावा आणि व्होलानें डबल बास हातीं घ्यावा, असा खेळ तेथें सुरूं झाला. पॅरिसमधील जॅझप्रेमी तरुणांची 'हॉट क्लब द फ्रान्स' नांवाची संस्था होती. तिच्या चालकांनीं हा खेळ हेरला, आणि २ डिसेंबर १९३४ रोजीं पॅरिसच्या एकोल नॉर्माल द म्यूझिक ह्या संगीतविद्यालयांत ह्या मंडळींचा पहिला जाहीर जलसा झाला. त्याच महिन्यांत अल्ट्राफोन कंपनीनें 'डायना', 'टायगर रॅग', 'लेडी बी गुड' इत्यादि चिजा ध्वनिमुद्रित केल्या.

ह्या मंडळाची रचनाच अपूर्व होती. तुतारी नाहीं, सनईच्या जातीचें वाद्य नाहीं, पियानो नाहीं, आणि मुख्य म्हणजे ढोल नाहीं. सारीं वाद्यें तारांचीं. एक व्हायोलिन, एक डबल बास आणि तीन गिटारी. त्या तीन कशा झाल्या, याची एक गोष्ट सांगतात. आरंभीं गिटारी दोनच होत्या. जँगो म्हणाला, "स्तेफान वाजवूं लागला म्हणजे त्याच्या मागें दोन गिटारी असतात; मी वाजवूं लागलों कीं माझ्या मागें एकटा जोसेफ!" हा हिशेब बरोबर होता. म्हणून रोझे शापू ह्या आणखी एका गिटारवादकास घेण्यांत आलें, आणि चौघांचे पांच झाले. गोष्ट विनोदानें सांगितली जाते. परंतु साथीची किंमत जँगोला किती नेमकी कळत होती, हेंही तींतून दिसतें. मागें आधार कमी पडतो, हें त्यालाच प्रथम जाणवलें.

हा आधार कसा दिला जातो, तें थोडें समजून घेतलें पाहिजे. ह्या वादनपद्धतीला फ्रेंचांत 'ला पोंप' म्हणतात. पोंप म्हणजे पाणी उपसण्याचा पंप. पंपाचा दांडा जसा खालीं-वर होत राहतो, तसा वादकाचा उजवा हात चालतो. चार मात्रांचें आवर्तन धरलें, तर पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला नखी मुख्यतः खालच्या स्वरांच्या जाड तारांवरून हलकेंच फिरते. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला ती साऱ्या तारांवर सपाट्यानें उतरते, आणि त्याच क्षणीं डाव्या हाताचीं बोटें आपला दाब सैल करतात. त्यामुळें नाद उमटतो न उमटतो तोंच तुटतो. ह्या आंखूड, कोरड्या आघातांतच ढोलाचा भास आहे. दोन आघातांच्या मध्यें नखी वर जातांना तारांना ओझरता स्पर्श करते. तो स्पर्श ऐकूं येतो असें म्हणवत नाहीं, पण तो नसला तर ताल लंगडा वाटतो. एकामागून एक स्वरमेळ, म्हणजे ज्यांना इंग्रजींत कॉर्ड म्हणतात ते, डाव्या हातानें बदलत राहावयाचे असतात, आणि त्यांचा क्रम जराही चुकून चालत नाहीं. कारण पुढचा वादक त्या स्वरमेळांच्या भरंवशावरच आपली कल्पना फेंकीत असतो.

आतां हिशेब करावा. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें वादन मावत असे. मिनिटास दोनशें मात्रांची गति धरली, तर एका चिजेंत सहाशें आघात झाले; द्रुत चिजेंत त्याहूनही अधिक. ते सारे सारख्या वजनाचे, सारख्या अंतराचे, आणि तरीही निर्जीव यंत्राप्रमाणें न वाटणारे असावे लागतात. रात्रभराच्या नाचांत अशा चिजा कितीतरी होत. मनगट ताठलें कीं गति ढळते. उत्साह वाढला कीं ती धांवूं लागते. लक्ष विचलित झालें कीं ती रेंगाळते. आणि हें सारें करतांना शेजारीं बसलेला भाऊ आपल्या अंगच्या लहरीप्रमाणें क्षणांत कुजबुजणारा, क्षणांत गर्जणारा, आणि पुढें काय करील याचा नेम नसलेला असा! जोसेफचा ताल त्या लहरीच्या आहारीं गेला नाहीं, म्हणूनच त्या लहरीला रूप आलें. ह्या कामाला वाद्यही तसेंच मिळालें होतें. मारिओ माक्काफेर्री ह्या इटालियन कारागिरानें आंखलेल्या आणि पॅरिसच्या सेल्मर कंपनीनें १९३२ पासून बनविलेल्या गिटारीचा नाद खणखणीत व धारदार असे. विजेच्या साहाय्याखेरीज नृत्यगृहाच्या गजबजाटांतून वाट काढण्याइतका जोर तिच्यांत होता.

पाठीमागें बसणाऱ्याचा मान मात्र बेताचाच राहिला. तबकड्यांवर मंडळाचें नांव असे, जँगोचें असे, ग्रापेलीचें असे. तालाच्या गिटारी वाजविणाऱ्यांचीं नांवें त्यांच्या जोडीला छापलीं जात नसत. शिवाय जिप्सी कुटुंबांत वडील भावाचा शब्द हा शेवटचा. जँगोची गिटार उचलून नेण्याचें कामही जोसेफकडेच येई, असें सांगतात. जँगोचा स्वभाव राजासारखा. मनांत आलें तर वाजवावें, नाहीं तर जलशाच्या दिवशीं बिलियर्डच्या टेबलाशीं रमावें किंवा नदीवर गळ टाकून बसावें. अशा माणसाबरोबर रोज काम करणें, आणि तेंही त्याचा भाऊ म्हणून, हें सोपें नव्हतें. दोघांत खटके उडाले. १९३७ च्या एप्रिलमधील ध्वनिमुद्रणांत जोसेफ नाहीं. त्याच्या जागीं पिएर फेरे आणि मार्सेल बियांकी हे वाजवीत आहेत. हे दोघेही कुशल वादक होते, आणि त्या तबकड्या उत्तम उतरल्या आहेत. ही गोष्ट जोसेफच्या चरित्रांत झांकून ठेवण्यासारखी नाहीं. साथीदाराच्या आयुष्यांतील खरें दुःख हेंच आहे, कीं त्याच्या जागीं दुसरा बसूं शकतो. तरीही जोसेफ परत आला, आणि जँगोनें त्याला परत घेतलें. 'जॅझ हॉट' नांवाच्या छोट्या चित्रपटांत हें मंडळ वाजवितांना दिसतें. तेथें जँगोच्या सोबतीस ताल धरणारे दोघे म्हणजे जोसेफ आणि यूजीन व्हेस होत. प्रेक्षकांची नजर जँगोच्या त्या दोन बोटांवरून हलत नाहीं; परंतु चित्रपट पुन्हां एकदां पाहून नजर बळेंच बाजूला वळविली, तर तालाच्या हातांची ती अविरत ये-जा दिसूं लागते.

अशी साथ म्हणजे केवळ धाकटेपणाचें ओझें होतें, असें कोणी म्हणेल. त्याला उत्तर अटलांटिक महासागराच्या पलीकडे मिळतें. अमेरिकेंत काउंट बेसीच्या वाद्यवृंदांत फ्रेडी ग्रीन हा गिटारवादक १९३७ सालीं दाखल झाला, आणि १९८७ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षें, त्याच वृंदांत राहिला. ह्या अर्धशतकांत त्यानें एकट्यानें पुढें येऊन वाजविल्याचे प्रसंग अगदीं मोजके. चार मात्रांना चार आघात, एवढेंच त्याचें व्रत. आणि तरी तो वृंद ज्यावर डोलत असे, तो कणा ग्रीनच होता असें त्याचे सहकारी मानीत. ग्रीनच्या वृंदांत त्याचा कोणी वडील भाऊ नव्हता. त्यानें ती जागा आपण होऊन पत्करली, कारण तेथें बसून करावयाचें काम एका आयुष्याला पुरेल इतकें मोठें होतें. ग्रीनच्या सोबतीस ढोल होता, बास होता, स्वतः बेसीचा पियानो होता. जोसेफच्या मंडळांत ढोलाचें कामही गिटारीलाच करावें लागे. तेव्हां धाकटेपणामुळें तो त्या खुर्चीवर बसला हें खरें मानलें, तरी ती खुर्ची लहान होती असें त्यावरून ठरत नाहीं.

सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध पुकारलें गेलें तेव्हां हें मंडळ इंग्लंडच्या दौऱ्यावर होतें. जँगो पॅरिसला परतला. ग्रापेली लंडनलाच राहिला. ६ एप्रिल १९४० रोजीं फ्रान्सच्या सरकारनें भटक्या लोकांच्या संचारास बंदी केली, आणि पुढें जर्मन अंमलाखालीं सुमारें सहा हजार भटक्यांना छावण्यांत कोंडण्यांत आलें. त्यांतील शेवटचीं माणसें सुटलीं तीं १९४६ मध्यें, म्हणजे युद्ध संपल्यावरही एक वर्षानें. साऱ्या युरोपांत नाझी राजवटीनें मारलेल्या जिप्सींची संख्या किमान दोन लाख होती. कांहीं अभ्यासक ती पांच लाखांपर्यंत नेतात. ज्यांच्या जातभाईंचा असा संहार चालला होता, ते हे दोघे भाऊ त्याच काळांत पॅरिसच्या रंगभूमीवर वाजवीत होते. लोकांना अंधाराच्या दिवसांत नाचण्याची भूक अनावर झाली होती, आणि कीर्तीचें कवच जँगोला पुष्कळ अंशीं राखीत होतें. तरी १९४३ मध्यें त्यानेंही स्वित्झर्लंडकडे निसटण्याचा निष्फळ प्रयत्न केलाच.

१९४० च्या डिसेंबरांत जँगोची 'न्वाझ', म्हणजे 'मेघ', ही सर्वांत गाजलेली रचना ध्वनिमुद्रित झाली. आतां मंडळाचें रूप पालटलें होतें. व्हायोलिनच्या जागीं क्लॅरिनेट आलें होतें, आणि ढोलही आला होता. तालाची गिटार एकच उरली, आणि ती जोसेफच्या हातीं होती. ढोल आल्यावर गिटारीनें ढोल होण्याची गरज सरते; तिला ढोलाच्या अंगाखालून, त्याला न अडवितां चालावें लागतें. हा बदल जोसेफनें शांतपणें पचविला. त्या संथ रचनेंत त्याची साथ इतकी मऊ आहे, कीं द्रुत चिजांतील तो पंपाचा आघात करणारा हात हाच, हें सांगूनही खरें वाटूं नये. युद्धकाळांतच त्यानें स्वतःच्या नांवानें एक मंडळ उभारून ध्वनिमुद्रणही केलें. त्यांत व्हायोलिन वाजविणारा तरुण, आंद्रे ओदेर, पुढें जॅझचा मोठा टीकाकार म्हणून नांवारूपास आला. तेव्हां तो क्लोद लोरांस ह्या टोपणनांवानें वाजवीत असे. जोसेफला नुसता ताल धरतां येत होता आणि दुसरें कांहीं येत नव्हतें, हा समज ह्या तबकड्यांनीं खोटा ठरतो.

युद्ध संपलें, आणि एक वेगळेंच संकट आलें. १९४६ च्या अखेरीस जँगो ड्यूक एलिंग्टनच्या वृंदाबरोबर अमेरिकेंत वाजविण्यास गेला; तो एकटाच गेला. १९४७ मध्यें ग्रापेली, जँगो आणि जोसेफ पुन्हां एकत्र बसले आणि कांहीं ध्वनिमुद्रणें झालीं. परंतु संगीताचा ओघ बदलला होता. अमेरिकेंतून आलेल्या बीबॉप ह्या नव्या ढंगांत ताल अखंड ठोकीत राहण्याची पद्धत मागें पडली. पियानोवाला अधूनमधून स्वरमेळ टाकी. ढोलवाला झांजेवर मात्रा चालवी. आणि डबल बास चार पावलांनीं चालत राही. तालाच्या गिटारीला त्यांत जागा नव्हती. जँगो बुद्धीनें सदैव तरुण. त्यानें विजेची गिटार उचलली आणि नव्या पिढीच्या पोरांबरोबर वाजवूं लागला. १९५३ च्या एप्रिलमधील त्याच्या शेवटच्या ध्वनिमुद्रणांत पियानो आहे, ढोल आहे, बास आहे. दुसरी गिटार नाहीं. भांडण झालें असतें तर मिटलें असतें. येथें भांडण नव्हतें. भावाच्या संगीतालाच आतां जोसेफची गरज उरली नव्हती. १६ मे १९५३ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, मेंदूंत रक्तस्राव होऊन जँगो अकस्मात् मरण पावला. सेन नदीच्या कांठच्या साम्वा ह्या गांवीं त्याला पुरण्यांत आलें.

भावाच्या मृत्यूनंतर जोसेफनें कांहीं काळ गिटार बाजूला ठेविली. तो एक्केचाळीस वर्षांचा होता. ज्याच्या मागें बसावयाचें तोच नाहींसा झाल्यावर साथीदारानें काय करावें, ह्या प्रश्नाला ठरलेलें उत्तर नाहीं. दुसऱ्या कोणाच्या मागें जाऊन बसावें, तर मन घेत नाहीं. पुढें यावें, तर पावलोपावलीं तुलना ठरलेली. जोसेफनें हळूहळू पुढें येण्याचाच मार्ग पत्करला. पॉल पाव्हियो ह्या दिग्दर्शकानें जँगोवर काढलेल्या लघुपटासाठीं १९५७ सालीं जुने सोबती एकत्र आले. त्यांत ग्रापेली होता आणि जोसेफही होता. पुढील वर्षांत त्यानें जँगोच्या रचना स्वतः मुख्य गिटार हातीं घेऊन वाजविल्या व ध्वनिमुद्रितही केल्या. जँगोची विजेसारखी झेप त्यांत नाहीं, आणि ती आणण्याचा अट्टाहासही नाहीं. स्वर मोजून टाकलेले, मात्रेवर घट्ट पाय रोवलेले, असें तें वादन आहे. ज्यानें त्या रचना त्यांच्या जन्माच्या वेळीं मागें बसून ऐकल्या, त्याच्या स्मृतींतून त्या आतां पुढें येत होत्या. कीर्ति मोठीशी मिळाली नाहीं. तरी जिप्सी वादकांच्या नव्या पिढ्यांना निन-निन म्हणजे जुन्या घराण्याशीं जोडणारा जिवंत दुवा होता. १९८२ च्या फेब्रुवारींत, सत्तरी पुरी होण्यास अवघे कांहीं दिवस उरले असतां, त्याचें देहावसान झालें. त्यालाही साम्वा येथें भावाच्या सान्निध्यांतच विसांवा मिळाला.

काळानें मात्र एक न्याय केला आहे. बीबॉपच्या लाटेंत जी तालाची गिटार कालबाह्य ठरली होती, ती आज पुन्हां फ्रान्सपासून अमेरिकेपर्यंत अनेक ठिकाणीं घुमते. जँगोच्या स्मरणार्थ साम्वा येथें सुरूं झालेल्या उत्सवांत दूरदूरचे तरुण गिटारी घेऊन जमले, आणि ह्या संगीताचीं शिबिरें व पाठ अनेक देशांत चालूं लागले. मानूश कुटुंबांतून रीत अशी, कीं पोरानें आधीं वर्षानुवर्षें 'ला पोंप' घोटावा. तो हातांत मुरल्याखेरीज त्याला पुढें वाजवूं देत नाहींत. म्हणजे ज्या कामाला लोक पायरी समजत होते, तें घराण्याचा पाया ठरलें. जँगोसारखें वाजविण्याची आकांक्षा धरणारा प्रत्येक शिकाऊ आधीं कांहीं वर्षें जोसेफ होऊन बसतो.

जोसेफच्या आयुष्याला त्याग म्हणावें कीं साधना म्हणावें, याविषयीं मतभेद होईल. त्यांत दोहोंचाही अंश होता, आणि अन्यायाचाही होता. तबकडीवर चार अक्षरें अधिक छापलीं असतीं, तर कंपनीचें कांहीं खर्च होणार नव्हतें; जँगोच्या कीर्तींतूनही कांहीं वजा होणार नव्हतें. तें ऋण आतां श्रोत्यांनींच फेडावयाचें आहे, आणि तें फेडण्यास पैसा लागत नाहीं. १९३४ सालच्या त्या जुन्या तबकड्या आजही सहज ऐकावयास मिळतात. त्या लावाव्या, व्हायोलिन आणि मुख्य गिटार यांच्यावरून कान क्षणभर काढून घ्यावे, आणि मागें चाललेल्या त्या आंखूड, कोरड्या, कधींही न चुकणाऱ्या आघातांकडे लावावे. दोन मिनिटें तसें ऐकल्यावर मग जँगोकडे परत जावें. तो पूर्वीपेक्षांही मोठा वाटूं लागतो. आणि तो कोणाच्या खांद्यावर उभा आहे, हेंही कळतें.